हद्दीपलीकडचं डिझेल

सिडनीच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली, की "तुम्ही काय करता?" हा प्रश्न येतोच. मी सांगते, "ट्रकवाल्यांनी डिझेलवर भरलेला कर सरकारकडून परत मागून देते." यानंतर दोनच गोष्टी होतात. समोरचा माणूस बटाटेवड्यांच्या रांगेकडे सरकतो, नाहीतर स्वतःच्या गाडीचं काही जमेल का, ते विचारतो.

मागच्या गणपतीत आयटीतल्या एका गृहस्थांनी मला असंच धरून ठेवलं. त्यांनी नवी मोठी डिझेलची एसयूव्ही घेतली होती आणि ती घेऊन ते वर्षातून दोनदा मेलबर्नला जातात.

"म्हणजे इंटरस्टेटच झालं ना?" त्यांनी विचारलं.

"झालं की. पण धंद्यासाठी जाता का?"

"मेहुणीकडे जातो."

"शिवाय गाडी साडेचार टनांच्या वर लागते."

ते गंभीर झाले. "सामान धरून?"

शेजारी त्यांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीकडून परत येताना भरेल तेवढी. पण जाताना नाही भरायची." मग ते दोघंही वड्यांच्या रांगेकडे गेले.

माझी सगळी वाटचाल सांगून वाचकांना छळणार नाही. नवऱ्याच्या व्हिसामागून टूनगॅबी या उपनगरात आले. पुण्याच्या बी.कॉम.ला इथे कुणी विचारेना, म्हणून इथला कोर्स केला आणि बीएएस एजंट झाले. बीएएस म्हणजे छोट्या-मोठ्या धंदेवाल्यांनी दर तिमाहीला करखात्याला द्यायचं विवरण. ते भरून देणारी मी. गॅरेजात टेबल टाकलं, तेव्हापासून आमची गाडी बाहेर उन्हात उभी असते आणि नवरा ते अजून विसरलेला नाही. मुलगी लहान असताना जेवणाच्या टेबलावर हात जोडून म्हणायची, "आई, प्लीज, नो डिझेल अॅट डिनर." आता ती मोठी झाली आहे. हात जोडत नाही, नुसती उठून जाते.

तर, इथे कुणी उठून जाऊ शकत नाही तोवर धडा देऊन घेते. परीक्षा घेणार नाही.

ऑस्ट्रेलियात पंपावर डिझेल घेतलं, की त्या भावात केंद्र सरकारचा एक कर आधीच धरलेला असतो. धंद्यासाठी जड गाडी चालवणाऱ्याला त्यातला काही भाग परत मिळतो. सगळा का नाही? कारण ट्रककडून रस्ता वापरल्याचं भाडं सरकार त्याच करातून कापून घेतं. आपल्या सोसायटीतल्या लिफ्टसारखं आहे हे. जो लिफ्ट वापरतो त्याने लिफ्टचे पैसे द्यावेत, तळमजल्यावाल्याने का द्यावेत? रस्त्यावर जळलेलं डिझेल लिफ्टने वर जातं, म्हणून त्याचं थोडंच परत मिळतं. पण आईस्क्रीम किंवा दही नेणाऱ्या ट्रेलरला स्वतःचा फ्रिज असतो. त्या फ्रिजचं इंजिन वेगळं, डिझेलची छोटी टाकीही वेगळी. ते डिझेल माल गार ठेवतं, चाकं फिरवत नाही. ते तळमजल्यावर राहतं, म्हणून त्याचा कर पुरा परत मिळतो. एकाच गाडीत दोन टाक्या, एकाच पंपावर भरलेलं डिझेल, आणि दर दोन. वर हे दर वर्षातून काही वेळा बदलतात, म्हणून कुठल्या तारखेला भरलं ते बघावं लागतं. माझं पोट या दोन टाक्यांच्या मधल्या जागेत भरतं.

यात राज्यांचा संबंध कुठे आला? कुठेच नाही, आणि नेमकं हेच आपल्या लोकांना पटत नाही. क्वीन्सलँडमध्ये डिझेल भरा आणि सगळा देश ओलांडून पर्थला जा, मधे कुठलंही राज्य आपला वाटा मागायला येत नाही. गावागावांत भाव वेगळे दिसतात, ते पंपवाल्यांच्या चढाओढीमुळे आणि डिझेल तिथवर पोचवायच्या खर्चामुळे. पण भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात हद्द म्हटली की भाव बदलतो, हे पक्कं बसलेलं असतं. त्याला दोष तरी कसा देणार? कोल्हापूरची माणसं टाकी भरायला कागलच्या पुढे कर्नाटकात जाऊन येतात, आणि आल्यावर किती वाचले ते आठवडाभर सांगतात.

आमचे ट्रकवाले हरजित पाजी गेली कित्येक वर्षं माझं गिऱ्हाईक आहेत. ते पावत्या राज्यवार प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून आणतात. न्यू साउथ वेल्सची एक, व्हिक्टोरियाची एक, क्वीन्सलँडची एक, आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा रबर.

"मॅडमजी, स्टेट-वाइज कर दिया है. आपको आसानी होगी."

"पाजी, स्टेट का कुछ काम नहीं. डेट-वाइज चाहिए."

"नहीं मॅडमजी, सिस्टम तो रहना चाहिए."

मग मी तिन्ही पिशव्या टेबलावर उलट्या करते, तारखेप्रमाणे लावते, काम झालं की पुन्हा राज्यवार पिशव्यांत घालून परत देते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून रबरसुद्धा त्याच रंगाचे लावते.

काही वर्षांपूर्वी तेलाचे भाव भडकले, तेव्हा सरकारने सहा महिन्यांसाठी हा कर निम्मा केला. त्याच संध्याकाळी पाजी पेंडल हिलच्या दुकानातून मोतीचुराचे लाडू घेऊन माझ्या दारात. मी लाडू घेतले, कारण लाडू नाकारायचा माझा स्वभाव नाही. तिमाही संपली आणि फोन आला.

"मॅडमजी, इस बार रिफंड में रोड वाला कुछ दिख नहीं रहा."

"कर निम्मा झाला ना, पाजी. रस्त्याचं भाडं त्याच्यापेक्षा जास्त झालं. परत द्यायला काही उरलंच नाही." हे मी हिंदीत सांगितलं, पण दुःख कुठल्याही भाषेत सारखंच असतं.

पाजींनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. मग म्हणाले, "और वो लड्डू?"

"खा लिए, पाजी."

आता विजेवरचे ट्रक येणार म्हणतात. ते आले की डिझेल नाही, कर नाही, परतावा नाही आणि मीही नाही. नवऱ्याने गॅरेजच्या दाराचं माप घेऊन ठेवलं आहे. माझी खंत वेगळीच आहे. वॅगा, हेय, बालरनाल्ड, सेडुना ही गावं मला घरच्यासारखी ओळखीची आहेत, पण फक्त पावत्यांवरून. कुठल्या पंपावर कोण भरतं, कोण कुठे चहाबरोबर खिम्याचा मीट पाय घेतो, सगळं माहीत. त्यातलं एकही गाव मी पाहिलेलं नाही. आम्ही सुट्टी लागली की पुण्याला जातो.

त्यातल्या हेय या गावाशी माझी एक गोष्ट जोडली गेली आहे आणि खरं तर तीच सांगायला बसले आहे.

सुजित आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. कोल्हापूरचा. अॅडलेडला मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत आयटीचं मास्टर्स करायला आला आणि खर्चासाठी वीकेंडला एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागला. डिग्री हातात आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आठवड्यातले पाच दिवस तो वीकेंडची वाट बघत असतो. मग त्याने जड गाड्यांचं लायसन्स काढलं, बरीच वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले आणि शेवटी स्वतःचा ट्रक आणि फ्रिजचा ट्रेलर घेतला. सिडनी ते अॅडलेड, आईस्क्रीम आणि गोठवलेले वाटाणे. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत याच्याच पावत्या न सांगता तारखेप्रमाणे लावलेल्या असतात. माझा जीव आहे त्याच्यावर.

एका दुपारी तो पावत्या न घेताच आला आणि गॅरेजात खुर्चीच्या काठावर बसला.

"ताई, तात्या येतायत. वडील. ट्रक विक म्हणून सांगायला येतायत."

"मग नाही म्हण."

"तुम्ही तात्यांना ओळखत नाही. मी आजपर्यंत त्यांना कशालाच नाही म्हटलेलं नाही. आई गेल्यापासून तर अजिबातच नाही. ते विक म्हणाले तर मी विकणार." त्याने चेहरा बाजूला वळवला. "गावाकडे त्यांनी सगळ्यांना सांगितलंय, मी ट्रान्सपोर्ट मॅनेजर आहे म्हणून. तुम्ही जरा समजवा ना. ऑफिसातल्या माणसांचं ते ऐकतात."

मी माझ्या ऑफिसाकडे पाहिलं. एका कोपऱ्यात लॉनमोव्हर होता, दुसऱ्यात नवऱ्याचा बंद पडलेला ट्रेडमिल. तरी मी हो म्हटलं.

तात्या आले ते खरोखरच ऑफिसला आल्यासारखे आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात छत्री. आयुष्यभर त्यांनी जकात नाक्यावर नोकरी केली होती. नव्या वाचकांना सांगायला हवं, की पूर्वी आपल्याकडे गावाच्या वेशीवर नाका असायचा आणि आत येणाऱ्या मालावर नगरपालिका कर घ्यायची. ट्रक थांबवायचा, ताडपत्री उचलायला लावायची, माल बघायचा, पावती फाडायची, मग बांबू वर. तो बांबू वर जायचा का नाही, हे तात्या ठरवायचे. समजवायचं काम माझं होतं, पण त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या माझीच तपासणी सुरू केली.

"दोन राज्यांच्या हद्दीवर कोण बसतं?"

"करासाठी कुणीच नाही, तात्या."

"मग गाडी कोण अडवतं?"

"डिझेलसाठी कुणी अडवत नाही. कर पंपावरच घेतलेला असतो."

"बरं. आणि कुठल्या टाकीत किती घातलं, रस्त्यावर किती जाळलं, हे सरकारला कोण सांगतं?"

"ड्रायव्हर मला सांगतो, मी सरकारला सांगते. पावत्या पाच वर्षं जपून ठेवायच्या. कधी विचारलंच तर दाखवायच्या."

तात्यांनी छत्री टेबलाला टेकवली आणि मनापासून हसले. "बाई, ड्रायव्हर सांगतो आणि सरकार ऐकतं? ड्रायव्हर कधी खरं बोलतो होय?"

ड्रायव्हर हा शब्द त्यांनी दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारला. सुजित शेजारीच उभा होता. तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मला फार वाईट वाटलं आणि तात्यांचा रागही आला. पण पाहुण्याला चहा द्यायचा असतो, म्हणून चहा दिला.

जाताना सुजितने कसाबसा धीर केला. "तात्या, एक खेप माझ्याबरोबर चला. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

"येतो की," तात्या म्हणाले. "हद्दीवर काय व्यवस्था ठेवलीय, ते बघूनच येतो. आणि परत आलो की गिऱ्हाईक बघायचं." म्हणजे ट्रकला.

सुजितने इन्शुरन्सवाल्यांना विचारून परवानगी काढली आणि भर उन्हाळ्यात बापलेक आईस्क्रीम घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंखा लावून पाजींच्या पिशव्या उलट्या करत बसले होते, तेवढ्यात सुजितचा फोन आला.

"ताई, बिझी आहात का? एक टॅक्सचा प्रश्न होता."

"बोल."

"फ्रिजच्या टाकीतलं डिझेल काढून ट्रकच्या टाकीत घातलं, तर ते क्लेममध्ये कुठे धरायचं?"

"रस्त्यावर जळणार असेल तर रस्त्याच्या दराने. फ्रिजच्या खात्यातून वजा करायचं आणि तिकडे मिळवायचं. किती काढलं ते लिहून ठेव." हे सगळं झोकात सांगून झाल्यावर मला त्याचा प्रश्न ऐकू आला. "पण का रे? आहेस कुठे तू?"

"हेयच्या पुढे. बालरनाल्ड यायचंय अजून. नो वरीज, ताई. जरा थांबलोय."

"जरा म्हणजे?"

मागून तात्यांचा आवाज आला, "बाईंना विचार, पुढच्या राज्यात भाव काय आहे!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुजित हेयला डिझेल भरतो. हा त्याचा कधी न चुकणारा नेम आहे, मला पावत्यांवरून पाठ आहे. कारण हेयच्या पुढे नुसतं सपाट माळरान लागतं. झाड नाही, घर नाही, सावली नाही. नंतर कळलं, की तात्यांनी सिडनीतच टाकी पुरी भरू दिली नव्हती. हेयला पंपात गाडी वळवताना पुन्हा बजावलं, की लेका, हद्दीच्या अलीकडे कुणी भरतं का? नदी ओलांडली की व्हिक्टोरिया लागतं, तिकडे भर. आणि या गाढवाने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. समोरून वारा होता, ट्रेलर भरलेला होता. व्हिक्टोरिया राहिलं लांबच, बालरनाल्डही आलं नाही.

"फोन स्पीकरवर टाक," मी म्हटलं. "तात्या, इथे हद्द ओलांडली म्हणून कर बदलत नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"असं कसं, बाई? हद्द आहे म्हटल्यावर काहीतरी फरक पाहिजेच की. नाहीतर हद्द ठेवलीय कशाला?"

मी सुजितवर घसरले. "त्यांना माहीत नाही, तुला तर माहीत होतं ना? मग का ऐकलंस?"

त्याने स्पीकर बंद केला. पावलं वाजली, म्हणजे तो ट्रकपासून बाजूला गेला असावा. "माहीत होतं, ताई. पण आल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्या धंद्यातलं काही बोलले. मला नको म्हणवेना."

माझा राग जागच्या जागी विरला आणि भीती वाटायला लागली. फ्रिजमधलं डिझेल जास्त काढलं तर आईस्क्रीम वितळणार, कमी काढलं तर ट्रक पुन्हा वाटेत बंद पडणार. आईस्क्रीम वितळलं तर ट्रक विक म्हणायला तात्यांना तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. शिवाय डिझेलची टाकी कोरडी पडली, की इंजिनात हवा शिरते. हातपंप मारून मारून ती बाहेर काढावी लागते. हे मला एका पावतीमुळे माहीत आहे, पण ती गोष्ट वेगळी.

"पोचलास की मेसेज कर," एवढंच मी म्हटलं, आणि पाजींची व्हिक्टोरिया क्वीन्सलँडच्या पिशवीत भरली. मेसेज आला तेव्हा पिशव्या पुन्हा नीट केल्या.

त्या माळावर काय झालं, ते मला बापलेक परत आल्यावर कळलं, आणि तेही तात्यांकडून. ते पुन्हा माझ्या गॅरेजात आले तेव्हा तोच पांढरा शर्ट अंगात होता, फक्त पोटावर डिझेलचा तपकिरी नकाशा उमटला होता. दोनदा धुऊनही जात नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. सुजित मागे सिंकपाशी माझे चहाचे कप विसळत होता. गॅरेजात सिंक आहे, ही माझ्या ऑफिसातली एकमेव चैन.

"डबा मी धरला होता," तात्या म्हणाले. "हा खाली पाईप लावून काढायला लागला. मोजून काढलं. मी म्हटलं, अजून घे की. म्हणाला, नको, बालरनाल्डला पोचेल एवढंच, बाकीचं आईस्क्रीमचं आहे. मग पंप मारत बसला. ऊन काय ते! तेवढ्यात एक भला मोठा ट्रक आमच्याजवळ येऊन थांबला. एक म्हातारा गोरा खाली वाकून काहीतरी बोलला. मी ह्याला विचारलं, काय पाहिजे त्याला? म्हणाला, काही नको. आपण बरे आहोत का, तेवढं विचारतोय."

"मग?"

"मग काय. बरे आहोत म्हटलं, गेला." तात्यांनी छत्री खुर्चीला टेकवली. "आम्ही नाक्यावर कधी कुणाला असं विचारलं नाही, बाई."

बालरनाल्डला दोन्ही टाक्या भरल्या आणि आईस्क्रीम वाचलं. पुढे नदीचा पूल आला. व्हिक्टोरियाची हद्द म्हणून तात्या सरसावून बसले. नाका नाही, बांबू नाही, नुसती एक पाटी. पलीकडच्या पहिल्या पंपावरचा भाव त्यांनी चष्मा लावून वाचला. तो हेयपेक्षा जास्त होता. तात्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

आणि मग साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर खराखुरा नाका लागला.

"नाका!" सांगतानासुद्धा तात्यांचा चेहरा उजळला. "शेड, माणसं, थांबायची खूण, सगळं व्यवस्थित. मी ह्याला म्हटलं, बघ, बाईंना काही माहीत नाही. आता कागद काढ. तर तिथला मनुष्य विचारतो काय? फळं आहेत का!"

मला हसू आवरेना. त्या राज्यात फळमाशी जाऊ नये म्हणून सगळ्या गाड्या थांबवून फळं काढून घेतात. पावत्यांवर फळमाशी येत नाही, म्हणून तात्यांना ते सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सुजितने वाटेत विचारलं होतं, तात्या, पिशवीत फळं नाहीत ना? मी नाही म्हटलं. ह्याने तिथं सांगितलं, 'नो फ्रूट, मेट.' तो मनुष्य हसला, म्हणाला एकदा नजर टाकतो. माझ्या पिशवीत दोन संत्री होती, बाई. रुमालात गुंडाळून ठेवलेली. सवय हो. नाक्यावरच्याने विचारलेलं सगळं सांगायचं नसतं, हे नाक्यावर बसूनच शिकलो की मी."

"मग सापडली?"

"सापडायच्या आधी मीच काढली." तात्या खुर्चीत ताठ झाले आणि जे इंग्रजी त्या नाक्यावर बोलले होते, ते मला म्हणून दाखवलं. "ड्रायव्हर इज करेक्ट. पॅसेंजर इज अॅट फॉल्ट. आय अॅम पॅसेंजर."

"आणि तो?"

"नो वरीज म्हणाला. संत्री डब्यात टाकली. दंड नाही, शिवी नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण मी का काढली ते ऐका. माझ्या डोक्यातून तुमचा तो फोन जात नव्हता. माळावरचा. मला वाटलं, पोरगं मदतीला कुणाला तरी बोलावतंय. तर हा डबाभर डिझेलचा कर कुठं धरायचा म्हणून विचारतोय! पहिल्यांदा वाटलं, खुळं झालं पोरगं."

"मलाही तसंच वाटलं," मी म्हटलं.

"चिटपाखरू नव्हतं तिथं. ना नाका, ना साहेब. इकडच्या टाकीतलं तिकडं केलं हे कुणाला कळणार होतं? मी नोकरीत इतक्या ताडपत्र्या उचलायला लावल्या, बाई. खाली काय आहे विचारलं, की पहिलं उत्तर खोटं, असं आम्ही धरूनच चालायचो. मान वर करून त्या माणसाचं तोंड बघायची गरजच वाटली नाही कधी. आणि माझाच पोरगा, घाम पुसायच्या आधी…" तात्या खिशातलं पेन काढून उगाच त्याचं टोपण घट्ट करत राहिले.

माझेही डोळे भरले होते. ते लपवायला मी कॉम्प्युटरकडे वळले आणि ते डबाभर डिझेल फ्रिजच्या खात्यातून काढून रस्त्याच्या खात्यात टाकलं. तात्यांनी खुर्ची पुढे ओढून, आकडा इकडून कमी होऊन तिकडे वाढलेला चष्म्यातून तपासून घेतला. सवय काही जात नाही.

शेवटी मला राहवेना. ज्या गोष्टीसाठी ते एवढे आले होते, ती अजून कुणी बोललंच नव्हतं. सिंकपाशी कप विसळायचा आवाजही बारीक झाला होता.

"मग तात्या," मी म्हटलं, "ट्रकला गिऱ्हाईक बघायचं का?"

तात्यांनी छत्री उचलली, उभे राहिले. दाराबाहेर गल्लीच्या टोकाला सुजितचा ट्रक उभा होता, तिकडे बघत राहिले.

"बघायला काय, गिऱ्हाईक मिळेल की," ते म्हणाले. "पण बाई, गाडीला असा ड्रायव्हर कुठून मिळायचा?"

मागे नळ बंद झाला.